पस्तीस किलोंचा हिशोब

वाचकाचं पत्र

डॉक्टर, माझ्या मिस्टरांचं वय ४४, उंची १७२ सेंटिमीटर. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात सुपरवायझर होते, सहा महिने घरीच आहेत. त्याआधी दीड वर्ष त्यांना दम लागत होता. जिथे जाऊ तिथे "वजन कमी करा" एवढंच ऐकलं. रक्ताची एक हृदयाची तपासणी केली, तीही "जवळपास नॉर्मल" म्हणाले. गणपतीत एका रात्री आडवंच होता येईना म्हणून दाखल केलं, तेव्हा इकोमध्ये इएफ, म्हणजे दर ठोक्याला हृदय किती रक्त बाहेर टाकतं तो आकडा, २० टक्के निघाला. त्यानंतर तीनदा ॲडमिट. शेवटच्या वेळी गेलो तेव्हा वजन १३८ किलो होतं, लघवीच्या इंजेक्शनांनी अकरा दिवसांत १२७ वर आलं. आता मोठे डॉक्टर म्हणतात की हृदय बदलावं लागेल, पण या वजनात यादीत नाव घालता येणार नाही, पस्तीस किलो कमी करून या. दोन जिने चढताना ज्याला तीनदा थांबावं लागतं, त्याने पस्तीस किलो कसे कमी करायचे? शेजारच्या एक ताई वजनाचं आठवड्याचं इंजेक्शन घेतात, ते आणू का? सासूबाई म्हणतात, तोंडावर ताबा असता तर ही वेळ आली नसती. आता हेही तेच म्हणायला लागलेत. ओपीडीतल्या खुर्चीत मावत नाही म्हणून तिथे यायलाही तयार नाहीत. मुलगी दहावीला आहे.
— एक भगिनी, चरई, ठाणे

उत्तर

ताई, तुमचं पत्र दुसऱ्यांदा वाचताना मी कागद-पेन घेऊन बसले. त्यात एक हिशोब आहे, जो तुम्हाला कोणी समजावून सांगितलेला दिसत नाही. आधी तोच करू.

वजन किलोत घ्यायचं, त्याला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचं, की बीएमआय येतो. हृदय प्रत्यारोपणाच्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१६ साली जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत बीएमआय ३५ च्या वर असेल तर यादीत घालण्याआधी तो ३५ पर्यंत आणावा, असं सुचवलं आहे. तुमच्या मिस्टरांच्या उंचीला ३५ म्हणजे साधारण १०३.५ किलो. १३८ मधून ते वजा केले की जवळपास पस्तीस उरतात. डॉक्टरांचा आकडा आला तो इथून. पण १३८ हे काही त्यांचं खरं वजन नव्हतं. त्यातले अकरा किलो पाणी होतं, पायात, पोटात, फुप्फुसात साठलेलं, आणि ते आता गेलं आहे. हिशोब १२७ पासून धरला तर उरतात साडेतेवीस किलो. तेही थोडे नाहीत, मला ठाऊक आहे. पण पस्तीस ऐकून माणूस हात टेकतो, आणि साडेतेवीस ऐकून तो निदान विचारतो की कसे.

ही मर्यादा माणसाला शिक्षा म्हणून घातलेली नाही, हे त्यांना जरूर सांगा. जास्त वजनात प्रत्यारोपणानंतर जखम चिघळण्याचा, व्हेंटिलेटरवर जास्त दिवस राहावं लागण्याचा आणि पहिल्या वर्षातल्या गुंतागुंतीचा धोका वाढतो. शिवाय दात्याचं हृदय अंगाच्या मापाचं लागतं. पन्नास-पंचावन्न किलोच्या दात्याचं हृदय सव्वाशे किलोच्या शरीराला पुरेल का, हा प्रश्न सर्जनला सोडवावाच लागतो. आपल्याकडे दाते आधीच कमी, त्यात मापाचा मिळेपर्यंत वाट लांबते.

तरीही "वजन कमी करून या" हे वाक्य मला सलतं. मूत्रपिंड बिघडलं असेल तर "क्रिएटिनिन कमी करून या" म्हणून आपण कोणाला घरी पाठवत नाही. इतक्या आजारी माणसाचं वजन उतरवणं हा हृदयाच्या उपचाराचाच भाग आहे आणि तो करण्याची जबाबदारी रुग्णालयाची आहे, तुमच्या स्वयंपाकघराची एकटीची नाही. पुढच्या भेटीत थेट विचारा: हे वजन कोणाच्या देखरेखीखाली उतरवायचं, कोणत्या मार्गाने, आणि पुन्हा यादीचा विचार कोणत्या महिन्यात करणार? उत्तर कागदावर लिहून मागा. लिहून देता येत नसेल तर दुसऱ्या प्रत्यारोपण केंद्राचं मत घ्या. काही केंद्रं ३५ च्या थोडं वर असलेल्या रुग्णाचाही बाकी प्रकृती पाहून विचार करतात.

आता सासूबाईंचं. त्या आई आहेत, मुलगा जाईल या भीतीने बोलतात, पण बोलतात ते खरं नाही. शरीर मोठं झालं की रक्ताचं प्रमाण वाढतं, हृदयाला दर ठोक्याला जास्त काम पडतं. वाढलेली चरबी स्वतः सूज आणणारी रसायनं सोडते, रक्तदाब आणि साखर चढवते, झोपेत घसा आवळते. आणि हृदय थकलं की चालणं बंद, चालणं बंद की वजन आणखी वर. या चक्रातून केवळ मनोनिग्रहाने बाहेर पडलेला रुग्ण माझ्या चाळीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मला आठवत नाही. शिवाय इएफ २० पर्यंत उतरण्याची कारणं वजनाखेरीज इतरही असतात: विषाणूचा संसर्ग, घराण्यातला दोष, दारू, बंद झालेली रक्तवाहिनी. त्यांची अँजिओग्राफी झाली का, घरात कोणाचा अचानक मृत्यू झाला होता का, हे शोधायला हवं. जाड माणसाला हे प्रश्न कमी विचारले जातात, कारण उत्तर समोर दिसतंय असं सगळ्यांनाच वाटतं.

त्या दीड वर्षाबद्दल वाचून मला वाईट वाटलं. तुम्ही म्हणता ती रक्ताची तपासणी बहुधा एनटी-प्रोबीएनपी असणार. हृदयावर ताण आला की हा आकडा चढतो, पण लठ्ठ माणसात तो मुळातच कमी येतो. सडपातळ माणसाच्या मापाने वाचला तर "जवळपास नॉर्मल" दिसतो, आणि आत हृदय हरत असतं. पुढेही हे लक्षात असू द्या: एखाद्या वेळी दम वाढलाय आणि रिपोर्ट बरा आहे, तर दमावर विश्वास ठेवा. रक्तदाबाचंही तसंच आहे. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर दाब आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. मोठा पट्टा मागून घ्या आणि घरच्या मशीनसाठीही मोठाच विकत आणा, कारण याच आकड्यावर पुढच्या गोळ्या ठरणार आहेत.

गोळ्यांविषयी तुम्ही काहीच लिहिलं नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी तिथेच आहे. कमी इएफच्या हार्ट फेल्युअरमध्ये, म्हणजे तुमच्या मिस्टरांसारख्या हृदय थकण्याच्या आजारात, आयुष्य वाढवणारी औषधं चार प्रकारची आहेत: सॅक्युबिट्रिल-व्हॅलसार्टन, बिसोप्रोलॉल, मेटोप्रोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल यांतलं एक, स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन, आणि डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. शेवटचं मधुमेहाचं म्हणून ओळखलं जातं, पण मधुमेह नसला तरी हृदयासाठी देतात. लघवीची गोळी या चारांत येत नाही. ती दम उतरवते, पण हृदय सुधारवत नाही. डिस्चार्ज कार्ड काढा, चारही आहेत का बघा, आणि डोस सुरुवातीचाच तर राहिला नाही ना, ते विचारा. २०२२ साली आलेल्या स्ट्राँग-एचएफ या अभ्यासात, रुग्णालयातून घरी गेल्यावर दोन आठवड्यांत वरचेवर तपासून औषधं पूर्ण डोसपर्यंत नेली, तर सहा महिन्यांत मृत्यू किंवा पुन्हा दाखल होण्याचं प्रमाण २३ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आलं. दाब फार खाली असेल, पोटॅशियम किंवा क्रिएटिनिन चढत असेल तर हा वेग झेपत नाही. तो निर्णय डॉक्टरांचाच, पण प्रश्न तुम्ही विचारायचा. पूर्ण डोसवर तीन महिने झाल्यावरही इएफ ३५ च्या वर गेला नाही, तर अचानक मृत्यू टाळणारं आयसीडी यंत्र बसवायचं का, हाही विषय निघायला हवा. औषधं नीट चढवली आणि हृदय इतकं सुधारलं की प्रत्यारोपण लांबणीवर पडलं, असेही रुग्ण असतात. सगळ्यांचं तसं होत नाही.

शेजारच्या ताईंचं इंजेक्शन. टिर्झेपाटाइड आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड ही दोन्ही २०२५ मध्ये भारतात आली, आणि तेव्हापासून मला हा प्रश्न दर आठवड्याला येतो. औषधं खरोखर प्रभावी आहेत. मोठ्या अभ्यासांत सेमाग्लुटाइडने सरासरी १५ टक्के आणि टिर्झेपाटाइडच्या मोठ्या डोसने २० टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं, तेही वर्ष-दीड वर्षात. हार्ट फेल्युअरमध्येही फायदा दिसला, पण तो ज्यांचा इएफ टिकून आहे अशा लठ्ठ रुग्णांत. २०२३ आणि २०२४ चे ते अभ्यास त्यांच्यावर झाले. तुमच्या मिस्टरांसारख्या अगदी कमी इएफच्या रुग्णांत याच कुळातलं जुनं औषध लिराग्लुटाइड २०१६ आणि २०१७ साली तपासलं गेलं. त्याने हृदयाला फायदा झाला नाही, उलट नाडी वाढली आणि एका अभ्यासात हृदयाच्या गंभीर तक्रारी जास्त दिसल्या. म्हणून मेडिकलमधून आणून टोचायचं नाही, ताई. पण दारही बंद नाही. काही प्रत्यारोपण केंद्रं अशा रुग्णांना ही औषधं अगदी लहान डोसपासून, नाडी आणि किडनीवर डोळा ठेवून देतात. उलट्या सुरू झाल्या आणि लघवीची गोळी तशीच चालू राहिली, तर दोन दिवसांत किडनी कोरडी पडते. हे सांभाळणारा डॉक्टर फोनवर हाताशी हवा. १२७ किलोंचे १५ टक्के म्हणजे एकोणीस किलो. साडेतेवीसपैकी एकोणीस! म्हणूनच हा प्रश्न हार्ट फेल्युअरच्या डॉक्टरांपुढे ठेवण्यासारखा आहे.

दुसरा मार्ग शस्त्रक्रियेचा: पोटाचा बराचसा भाग काढून त्याची नळी करतात, ती स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. इएफ २० असताना भूल देणं हे सोपं काम नाही, आणि जिथे फक्त वजनाच्या शस्त्रक्रिया होतात अशा छोट्या जागी हे अजिबात करू नये. जिथे हृदयाचा आधार देणारी यंत्रं आणि हृदयाची भूल सांभाळणारा माणूस आहे, तिथेच. अशा केंद्रांत निवडक रुग्णांवर ती झाली आहे, त्यांतले काही यादीत जाण्याइतके उतरले, आणि काहींचा इएफच वाढल्याने यादीची गरज टळली. वजनासाठीच्या पोटाच्या बायपासपेक्षा स्लीव्ह पसंत करतात, कारण आतडं तसंच राहतं आणि पुढे नव्या हृदयासाठी जन्मभर घ्यायच्या औषधांचं शोषण फार बिघडत नाही.

तिसरं नाव तुमच्या कानावर येईल ते एलव्हीएडी, म्हणजे छातीत बसवायचा पंप. यादीपर्यंत पोचायला वेळ लागणार असेल आणि हृदय तोवर तग धरणार नसेल, तर तो पुलासारखा वापरतात, आणि त्याला वजनाची अट तितकी कडक नसते. पण त्याची वायर पोटाच्या कातडीतून बाहेर येते आणि लठ्ठ रुग्णांत तिथे जंतुसंसर्ग जास्त होतो. पंप बसल्यावर वजन आपोआप उतरतं असंही नाही, भूक परतल्यावर पुष्कळांचं वाढतं. शिवाय बॅटऱ्या, चार्जिंग, पावसाळ्यात गेलेली वीज, रक्त पातळ करणारी गोळी आणि प्रचंड खर्च. चरईतल्या जुन्या इमारतीत राहताना या प्रत्येक गोष्टीचा आधी विचार हवा.

पंप की प्रत्यारोपण हे ठरवण्याआधी दोन तपासण्या होतील. एकीत हृदयाच्या उजव्या बाजूने नळी घालून फुप्फुसातला दाब मोजतात. तो फार चढलेला आणि न उतरणारा असेल तर नवं हृदयही टिकत नाही. दुसरीत सायकलवर किंवा ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालवून शरीर किती प्राणवायू वापरतं ते बघतात. हा आकडा किलोमागे काढतात, त्यामुळे जाड माणसाचा तो आहे त्याहून वाईट दिसतो. म्हणून चरबी वगळून उरलेल्या वजनावरही तो काढून बघावा, असं त्याच २०१६ च्या तत्त्वांत म्हटलं आहे. तो तसा काढला का, एवढं विचारलंत तरी समोरच्याला कळेल की तुम्ही तयारीने आला आहात. झेडटीसीसीकडे, म्हणजे मुंबई विभागाच्या प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे, नोंदणी रुग्णालयामार्फतच होते. ठाण्याचाही त्याच विभागात समावेश आहे. १९६८ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदय बदलण्याचा प्रयत्न केला तेव्हा रुग्ण काही तासच जगला. २०१५ च्या ऑगस्टमध्ये पुण्याहून निघालेलं हृदय आपल्या शेजारी मुलुंडला एका तरुणाच्या छातीत बसलं. त्या बातमीच्या दिवशी मी फार हलले होते, आणि अजूनही यादीत नाव असलेला रुग्ण भेटला की तो दिवस आठवतो.

घरात करायचं ते आता. १८० किलोपर्यंतचा काटा आणा, साधे काटे १५० ला थांबतात. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाआधी वजन, आणि वहीत नोंद. तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढलं तर ते पाणी आहे, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. आठवड्याला अर्धा किलो हळूहळू उतरत गेलं आणि अंगात ताकद आहे, तर बरं चाललंय. पण न प्रयत्न करता झपाट्याने उतरायला लागलं, दंड-मांड्या सुकल्या, भूक मेली, तर आनंद मानू नका. तो हृदय आणखी खचल्याचा इशारा असतो.

मीठ दिवसाला जेमतेम चहाचा एक चमचा, आणि त्यात सगळं आलं: पापड, लोणचं, पाव, फरसाण, सुकट, इडली-ढोकळ्यातला सोडा. मामलेदारची मिसळ त्यांना आवडत असणार, ठाण्यात कोणाला आवडत नाही! पण ती आता नको. एक गोष्ट मात्र लक्षपूर्वक वाचा: "कमी सोडियमचं" म्हणून मिळणारं मीठ आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, आणि वरच्या चारांतली दोन औषधंही पोटॅशियम वाढवतात. भेटायला येणारे शहाळी आणतात, त्याच कारणाने ती त्यांनाच परत प्यायला द्या. चरबी वितळवणारे काढे बंद. ज्येष्ठमध तर अजिबात नको, तो पाणी साठवतो आणि दाब वाढवतो. अंग दुखलं तर डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या परस्पर घ्यायच्या नाहीत, त्यांनीही पाणी साठतं. दिवसाचं पाणी किती ते डॉक्टर सांगतील, त्यात चहा, ताक, आमटीचं पाणी धरायचं. कडक उपास नकोत. लघवीची गोळी आणि डॅपाग्लिफ्लोझिन चालू असताना रिकामं पोट धोक्याचं. ताटात डाळ, दही, अंडं, ताजे मासे राहू देत, कारण स्नायू राखायचे आहेत. भात, साखर आणि तळण कमी करायला आहारतज्ज्ञ रुग्णालयातलाच मागा.

ते घोरतात का, झोपेत श्वास अडकतो का, दिवसा बसल्या बसल्या डुलकी लागते का? तसं असेल तर झोपेची तपासणी करून घ्या. घसा बंद होण्याचा प्रकार निघाला तर मास्कमधून हवेचा दाब देणाऱ्या सीपॅप यंत्राने रात्री हृदयाला विसावा मिळतो. मात्र यंत्र हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच घ्यायचं, कारण झोपेतल्या एका वेगळ्या प्रकारच्या विकारात एका विशिष्ट यंत्राने कमी इएफच्या रुग्णांत मृत्यू वाढल्याचं २०१५ साली दिसलं आहे.

जिन्याच्या प्रत्येक वळणावर एक खुर्ची ठेवा, सोसायटीला सांगून. चालणं घरातल्या घरात पाच मिनिटं, दिवसातून चारदा. बोलता येईल इतकाच दम लागू द्यायचा. तलावपाळीला एक फेरी हे पुढच्या महिन्यांचं काम.

एक कठीण बोलणं राहिलं. दोघं एकटे असताना त्यांना विचारा की त्यांना काय हवं आहे, कशाची भीती वाटते, आणि गोष्टी हाताबाहेर गेल्या तर यंत्रांवर किती ठेवायचं. अनेक रुग्णालयांत आता पॅलिएटिव्ह केअरचे डॉक्टर असतात. दम, झोप, उदासी यांवर ते उपचार चालू असतानाच मदत करतात, आणि त्यांच्याकडे जाणं म्हणजे हार मानणं नाही. पैशांसाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला महात्मा फुले योजनेत काय बसतं ते विचारा, आणि सामाजिक कार्यकर्त्यांना मुख्यमंत्री सहायता निधीबद्दल. मुलीला दहावीचं कारण सांगून अंधारात ठेवू नका. तिला सगळं दिसतंच आहे.

आणि ती खुर्ची. पूर्वी मी जिथे काम करायचे तिथला काटा १२० ला संपायचा, आणि एका रुग्णाला वजन करायला बाजारातल्या धान्याच्या दुकानात पाठवलं गेलं. तो पुन्हा आलाच नाही. त्याला कोणी पाठवलं, हे मला ठाऊक आहे. मी तेव्हा गप्प राहिले, आणि आज तुम्हाला लिहिताना तो समोर आहे. म्हणून जाण्याआधी ओपीडीला फोन करा. हात नसलेला बाक आहे का, काटा किती किलोपर्यंतचा, एमआरआय किंवा कॅथलॅबच्या (अँजिओग्राफीच्या खोलीतल्या) टेबलाची क्षमता किती, हे तुम्ही विचारायचं, मिस्टरांना विचारायला लावायचं नाही. शक्यतो सकाळची पहिली वेळ घ्या. रात्री दम वाढला, चक्कर येऊन पडले किंवा आडवं होता येईनासं झालं, तर मात्र ओपीडीची वाट न बघता १०८.

वजनाची वही सोबत न्या. पहिल्या पानावर १२७ लिहा, त्यांच्याच हाताने, आणि तारीख घाला.